गुडघ्याचा शेरा

आमच्या कॉलेजात बास्केटबॉल आला तो एका प्राचार्यांच्या हट्टामुळे. ते पुण्याला शिकलेले होते आणि अंबाजोगाईच्या पोरांनी फक्त कबड्डीच का खेळावी, असं त्यांचं म्हणणं होतं. जिमखान्यामागच्या पडीक जागेत त्यांनी मुरूम टाकून घेतला आणि रोलर फिरवून मैदान करवलं. बोर्ड गावातल्या सुताराने फळ्या जोडून केले, रिंगा लोहाराने वळवल्या. मी तिथे क्रीडाशिक्षक म्हणून लागलो तेव्हा ते मैदान दोन वर्षांचं झालं होतं आणि प्राचार्य बदलून गेले होते.

मी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेला माणूस. खेळाडू म्हणून फार मोठा नव्हतो, पण पारख होती. पोरगा मैदानात चालत आला की हा किती उडेल, किती दमेल, चिडल्यावर काय करेल, हे मला सांगता यायचं. निदान तसा माझा बोलबाला होता. बोलबाला म्हणजे चार कॉलेजांतले माझ्यासारखेच मास्तर आणि एका सहकारी साखर कारखान्याचे वेलफेअर ऑफिसर, एवढ्या पाचजणांत. पण तेवढ्याचीही माणसाला धुंदी चढते.

तो कारखाना गोदावरीच्या पलीकडचा. तिथल्या चेअरमनना बास्केटबॉलची आवड होती, म्हणून कारखान्याचा स्वतःचा संघ होता. दर वर्षी फेब्रुवारीत वेलफेअर ऑफिसर जीप घेऊन मराठवाड्यातल्या कॉलेजांतून फिरायचे, शेवटच्या वर्षाची पोरं बघायचे आणि दोघातिघांना उचलायचे. निवड झालेल्याला टाइमकीपर किंवा शेतकी विभागातला कारकून म्हणून कायमची नोकरी मिळायची, कॉलनीत खोली मिळायची. दुपारपर्यंत टेबलावर बसायचं, मग मैदानावर यायचं. आमच्या पोरांना याहून मोठं काही ठाऊकच नव्हतं. बॉल टाकून पगार मिळतो, ही गोष्टच त्यांना खरी वाटायची नाही.

निवडीसाठी एक छापील फॉर्म असायचा. उंची, उडी, पास, स्वभाव, शारीरिक तक्रार, आणि शेवटी मोकळी जागा: प्रशिक्षकाचा शेरा. ऑफिसर खेळ बघायचे, पण वाचायचे तो शेरा. ‘तुम्ही रोज बघता, आम्ही एक दिवस बघतो,’ असं ते म्हणायचे. ते मला फार बरं वाटायचं.

आष्टीकडचा एक मुलगा अकरावीला आला तेव्हाच मी त्याला हेरला होता. सहा फुटांच्या वर गेलेला, हात गुडघ्यापर्यंत, आणि अंगावर मांस नाही. त्याने बास्केटबॉल पाहिलासुद्धा नव्हता. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बॉल फेकला तर तो त्याने छातीशी कवटाळून धरला आणि तसाच उभा राहिला. सगळे हसले. पण धरताना त्याच्या बोटांनी बॉल दाबला नव्हता, झेलला होता. ते मी पाहिलं होतं.

त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की तोही त्यांच्याबरोबर जायचा आणि गुढीपाडव्याला परत यायचा. म्हणजे सगळा खेळाचा मोसम तो फडात. दोन वर्षं असंच गेलं. परत आला की हाताला पाचटाचे चरे पडलेले, आणि शिकवलेलं निम्मं विसरलेलं. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या वडिलांना निरोप धाडून बोलावून घेतलं. मुलाला इथंच ठेवा म्हणालो, राहायला जिमखान्याची खोली देतो, जेवणाचं वसतिगृहात बघतो.

वडील मैदानाच्या कडेला उकिडवे बसले. बराच वेळ ते पोराचा खेळ बघत होते. मग म्हणाले, “सर, एक गडी कमी पडला तर आमचं लई अवघड व्हतंय. पर तुमी म्हनताव तर ठिवतो. ह्याचं काही व्हईल का, तेवढं सांगा.”

“होईल,” मी म्हणालो.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्या दिवाळीपासून ते पोराला न घेता जाऊ लागले.

पुढच्या तीन वर्षांत तो खेळाडू झाला. रिंगखाली उभा राहिला की त्याच्या वरून बॉल काढायची कुणाची टाप नव्हती. एका पायावर गर्रकन वळून तो असा सुटायचा की अडवणारा माणूस हवेत हात मारत राहायचा. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली, त्या दिवशी मी घरी पेढे घेऊन गेलो. बायको म्हणाली, स्वतःची झाली होती तेव्हाही एवढे हसला नसाल.

त्याच्याच वर्गात तलवाड्याचा एक मुलगा होता. ठेंगणा, काटक, लांबून बॉल टाकण्यात पटाईत. वडील पंचायत समितीत शिपाई. घरात शिकणारा हा पहिलाच. तो कमी बोलायचा आणि सराव कधी चुकवायचा नाही. उंची नसल्यामुळे त्याचं पुढे अवघड आहे, असं मी मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे.

ते दोघं शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पाऊस आलाच नाही. पोळ्यापर्यंत लोकांनी वाट बघितली, मग बघायचं सोडलं. कॉलेजच्या विहिरीत तळाशी चिखल उरला. वसतिगृहाला टँकर यायचा तो तीन दिवसांनी, आणि पोरं वर्ग सोडून बादल्या घेऊन रांगेत उभी राहायची. मैदानावर पाणी मारायचं बंद झालं. मुरूम सुटून सगळा भुगा झाला. सराव संपला की आमच्या पापण्यांवर, मिशांवर लाल धूळ बसलेली असायची.

दिवाळीच्या सुट्टीत आष्टीकडचा गावी गेला आणि रोजगार हमीच्या तलावावर दगड उचलायला लागला. सुट्टी संपवून आला तो लंगडत. दगड निसटला, तो सावरायला गेला आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला मुडपला, असं त्याने मला खोलीचं दार लावून सांगितलं.

“सर, कुनाला सांगू नका. फेब्रुवारीत कारखान्याचे सायेब येनार हायेत.”

मी सांगणार नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी गुडघा हलवून, वाकवून पाहिला. आतला एक दोर सैल झालाय म्हणाले. मांडीचे व्यायाम दिले, दीड महिना उड्या बंद सांगितल्या. तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, पुढे खेळू शकेल का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. काहीजणांचा आयुष्यभर त्रास देत नाही, काहींचा सहा महिन्यांत जातो. व्यायाम केला तर चांगलाही होईल.

हे त्यांचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. सांगता येत नाही.

त्याने व्यायाम मन लावून केले. विटा एका पिशवीत घालून ती पिशवी घोट्याला बांधायचा आणि पाय वर-खाली करायचा. जानेवारीत सूज गेली. तरी वळताना तो क्षणभर थबकायचा. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, मला दिसायचं.

इथे आदल्या वर्षीची एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी मी एका मुलाची भरभरून शिफारस केली होती. त्याची पाठ दुखते हे मला माहीत होतं, पण मी फॉर्मवर ते लिहिलं नाही. कारखान्याकडून तिसऱ्याच सामन्यात तो जमिनीवर बसला तो उठलाच नाही. पुढे तो गोदामात कारकुनी करत राहिला. त्यानंतर एका स्पर्धेत ऑफिसर भेटले आणि इतर मास्तरांच्या समोर हसत म्हणाले, सर, तुम्ही आम्हाला दुरुस्तीचा माल पाठवता. सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानात होतं. वर्षभर होतं.

फेब्रुवारीत जीप आली. उतरल्या उतरल्या ऑफिसरनी सांगितलं की यंदा एकच जागा आहे. उसाच्या लागणी पाण्यावाचून वाळल्यात, पुढच्या हंगामाचं काही खरं नाही, संचालक मंडळ हात आखडून आहे. मी पोरांना ते सांगितलं नाही.

त्या सकाळी आष्टीकडचा जसा खेळला तसा तो पूर्वी कधी खेळला नव्हता. धुळीत बॉल नीट उसळत नव्हता, तरी त्याच्या हातात आला की शहाणा व्हायचा. त्याने रिंगवरून परत आलेला एकही बॉल दुसऱ्याला मिळू दिला नाही. एकदा तर दोघांच्या मधून उडाला आणि रिंगला हात लावून खाली आला. खाली आला तो उजव्या पायावर. मी गुडघ्याकडे पाहिलं, पण तो धावत निघून गेला. तलवाड्याचाही छान खेळला. त्याचे लांबचे बॉल एकामागून एक आत जात होते. पण त्या दिवशी मैदान आष्टीकडच्याचं होतं.

ऑफिसर माझ्या खोलीत आले. चहा घेत म्हणाले, “तो उंच मुलगा आम्हाला पाहिजे. काही दुखणंबिखणं नाही ना?”

फॉर्म माझ्यासमोर होता. मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. डॉक्टर म्हणाले तेच सांगितलं असतं तरी चाललं असतं, की गुडघा मुडपला होता, आता बरा आहे, पुढचं सांगता येत नाही. ते खरंच होतं. पण ‘सांगता येत नाही’ असं लिहिणारा मास्तर कुणाला हवा असतो? मला माझी पारख दाखवायची होती. गेल्या वर्षीचं हसू पुसायचं होतं. हे तेव्हा मला असं उघड कळत नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की मी प्रामाणिकपणा करतोय.

मी लिहिलं: उजवा गुडघा अधू. दोन हंगामांच्या वर टिकणार नाही.

ऑफिसरनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाले. मग तलवाड्याच्या मुलाचा फॉर्म मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी आष्टीकडच्याला बोलावून, निवड झाली नाही आणि का झाली नाही, हे स्वतः सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढं तरी मी करावं असं वाटलं. पण सांगताना मी फॉर्मवरचीच भाषा बोललो. गुडघा टिकणार नाही, मी खूप गुडघे पाहिलेत, हट्ट केलास तर कायमचा अधू होशील.

तो उभाच होता. मी गुपित फोडलं म्हणून चिडेल अशी माझी तयारी होती. तो चिडला नाही. म्हणाला, “म्हंजे सर, आता खेळायचंच न्हाई का?”

“नाही. पाय जप.”

“बरं,” म्हणाला आणि जिमखान्याच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेला. परीक्षेला तो बसला की नाही हे मी विचारलंही नाही. नंतर कळलं की बसला नव्हता.

तलवाड्याचा कारखान्यात रुजू झाला. जाताना पाया पडायला आला, पण बोलला नाही. त्याचं आणि त्याच्या मित्राचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या हंगामात कारखान्याला ऊसच मिळाला नाही. गाळप पंधरा-वीस दिवसांत आटोपलं, आणि पहिली कुऱ्हाड बास्केटबॉलच्या संघावर पडली. नव्या पोराला घरी पाठवलं. ‘कायमची नोकरी’ एक वर्षही पुरली नाही. तलवाड्याच्या मुलाने नंतर औरंगाबादेत कुठल्याशा कंपनीत काम धरलं असं ऐकलं. बॉलला त्याने पुन्हा हात लावला नाही. ती बातमी आली तेव्हा मी एक वाईट गोष्ट केली. मनात म्हणालो, बघा, आष्टीकडच्याला घेतलं असतं तरी काय झालं असतं? आणि त्या हिशेबाने पुढची वर्षं निभावून नेली.

त्या फेब्रुवारीनंतर नऊ वर्षांनी मी एका राज्य पातळीच्या स्पर्धेला पंच म्हणून कृष्णाकाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा सामना आटोपल्यावर जेवायला वेळ होता, म्हणून रस्त्याने पायी निघालो. दोन्ही बाजूंनी ऊस. एका फडात तोड चालू होती आणि बांधाला ट्रक लावला होता. ट्रकला एक अरुंद फळी तिरकी टेकवलेली. माणसं डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढत होती, मोळी टाकत होती, उतरत होती.

त्यातला एक इतरांपेक्षा हातभर उंच होता. मोळी घेऊन तो फळीच्या टोकाला पोचला, उजव्या पायावर गर्रकन वळला, मोळी टाकली आणि उतरला. मी जागीच थांबलो. ते वळणं मी शिकवलेलं होतं.

तो पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मी किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होतो. तो एकदाही थबकला नाही.

त्यानेच मला ओळखलं. “सर,” म्हणत बांधावर आला, डोक्याची चुंबळ काढून हातात घेतली आणि वाकून पाया पडला. त्याच्या कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. मोळ्या बांधणाऱ्या बाईला हाक मारून त्याने सांगितलं, हे आमचे कॉलेजचे सर. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तांब्यातून पाणी आणून दिलं. वडील गेले, आई गावाकडे असते, दोन मुली तिच्यापाशी शाळेत जातात, हे सगळं त्याने मी न विचारता सांगितलं. इकडच्या कारखान्याचा संघ आहे म्हणाला, मागच्या वर्षी एकदा खेळ बघाया गेलतो, पोरं चांगली खेळतात पण रिंगखाली कुणी उभं राहत नाही.

मला गुडघ्याचं विचारणं भाग होतं.

“पयले दोन वर्सं दुखला,” तो म्हणाला. “मग दुखायचा राह्यला. आता ध्यानात बी न्हाई.”

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी सहज, जुनी गंमत सांगावी तशी. कॉलेज सोडलं त्याच उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या एका कारखान्याचं पत्र आलं होतं. त्यांच्या माणसाने त्याला विद्यापीठाच्या सामन्यांत पाहिलं होतं, चाचणीला बोलावलं होतं. तिकिटाचेही ते देणार होते.

“मग?” मी विचारलं.

“तुमीच म्हनलाव ना सर, पाय जायचा म्हनून. मग गेलोच न्हाई.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं की डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते सांगता येत नाही, चांगलाही होईल. बाकीचं माझं होतं.

तो चुंबळीचं कापड उलगडून परत गुंडाळत राहिला. बाईने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

“सर,” तो म्हणाला, “हे आता कशापायी सांगायलाव?”

मला वाटत होतं की मी त्याच्यापुढे मन मोकळं करतोय. खरं म्हणजे नऊ वर्षं तो एका गोष्टीच्या आधाराने उभा होता, की गुडघाच गेला, इलाज नव्हता. ती गोष्ट मी त्याच्या हातातून काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. ट्रकवरून कुणीतरी ओरडलं. त्याने चुंबळ डोक्यावर ठेवली, “येतो सर” म्हणाला आणि वाकून मोळी उचलली. बाईने तिला खालून हात लावला. या वेळी फळीच्या टोकाला तो वळला नाही. तिथेच उभा राहून त्याने मोळी पुढे ढकलून दिली आणि पाठमोरा, एकेक पाऊल चाचपत, खाली आला.

दुपारचा सामना मी घेतला. कोण जिंकलं ते आठवत नाही. परत येताना त्या रस्त्याने गेलो नाही. नंतर आष्टीच्या बाजारात त्याच्या गावचं कुणी भेटलं तर चौकशी करावी असं पुष्कळदा मनात आलं, पण केली नाही. काय ऐकायला मिळेल याची भीती होती.

नोकरीची आणखी बरीच वर्षं राहिली होती. मी शेरे लिहायचं बंद केलं. प्राचार्यांना सांगितलं की हे काम दुसऱ्या कुणाला द्या, माझी नजर आता तशी राहिली नाही. त्यांनी ते वयावर घेतलं. मला वाटलं होतं की एवढं केलं म्हणजे माझ्या हातून पुन्हा कुणाचं नुकसान होणार नाही.

नंतर एका वर्षी बारावीची एक मुलगी सरावानंतर थांबली. मुलींचा संघ नुकताच सुरू झाला होता. ही चांगली होती, पाय हलके, डोकं शांत. सगळ्या गेल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “सर, घरचे विचारतात, ह्यात माझं काही होईल का?”

मी खूप विचार करून, अगदी जपून बोललो. म्हणालो, “मला माहीत नाही, बाळ. ते कुणालाच सांगता येत नाही.”

ती “बरं सर” म्हणाली. चपला पायात सरकवल्या, दप्तर खांद्यावर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडाभर वाट पाहून मी तिच्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, “सरांनीच नाही म्हटलंय, असं तिनं घरी सांगितलं.”

मी तिच्या घरी निरोप पाठवला, की मी तसं म्हटलं नव्हतं. उलट निरोप आला, की सरांना तसदी नको, तिचं लग्न ठरलंय.